रेडियमवाला

श्रीगोंद्यात गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरवाल्यांना दोन गोष्टी आठवतात, उचल आणि ट्रॅक्टरवर नाव टाकायचं रेडियम. उचल कारखान्याकडून सुटते. रेडियमसाठी मात्र रेडियमवाल्याच्या टपरीत बसावं लागतं, आणि तो कायम वैतागलेला.

वैताग गिऱ्हाइकाचा नाही; अक्षरं आखायच्या कोरल सॉफ्टवेअरमधल्या नोडांचा, म्हणजे रेघेला वळवणाऱ्या ठिपक्यांचा. कटिंग मशिनच्या पात्याला रेघेची जाडी कळत नाही, त्याला कापायला कड लागते. म्हणून अक्षराभोवतीची जाड रेघ कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून आकारात बदलायची. एवढं केलं की चार नोड होते तिथं मोजायचा कंटाळा यावा इतके उगवतात. हँडल आखूडतात, आणि त्यातलं एक ओढलं तर ‘आशीर्वाद’च्या रफारालाच टेंगूळ येतं.

“दादा, मघाशी तर गुमान वळत होतं की?”

“मघाशी रेघ होती. आता बांध झालाय. तुझ्या अंगाची कड सरकवली म्हणून शेजाऱ्याची सरकती का?”

गिऱ्हाइकाला लगेच पटतं. तालुक्याला तो बांधाच्या तारखेसाठीच आलेला असतो.

खरं कारणही रेडियमवाल्याला ठाऊक आहे. बेझिए जातीच्या वळणदार रेघेला समांतर कड काढली, तर ती कड बहुतेक वेळा त्या जातीची राहत नाही. मग सॉफ्टवेअर अंदाजानं तुकड्याला तुकडा जोडत जातं. हा बेझिए म्हणजे फ्रान्सच्या रेनॉ कंपनीतला इंजिनिअर. १९६०च्या दशकात मोटारींच्या पत्र्याचे बाक आखायला त्यानं ही वळणं वापरात आणली. “मोटारीसाठीच केलं ना? मग ट्रॅक्टरला नखरे कशापायी?” या गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर गणितात उत्तर नसावं.

म्हणून जाडी पक्की झाल्याशिवाय रेडियमवाला कंट्रोल-शिफ्ट-क्यूची कळ दाबत नाही. काष्टीचा असो नाहीतर पेडगावचा, गिऱ्हाइकाला स्टुलावरून उठवून पडद्यापाशी आणतो. “नीट बघा. यानंतर बारीक-जाड होणार नाही.” गिऱ्हाईक मान डोलावतं, कळ दाबली जाते आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाचा मेहुणा टपरीत शिरतो.

“जरा जाड पाहिजे होतं, दाजी.”

असे मेहुणे रेडियमवाल्यानं पुष्कळ पाहिलेत. म्हणून मूळ रेघेची एक कॉपी पानाबाहेर कोपऱ्यात ठेवलेली असते, पण ते तो बोलत नाही. कपाळाला हात लावतो, “सगळं पहिल्यापासून काढावं लागंल,” म्हणतो आणि चहा सांगायला लावतो. चहा येईस्तोवर एकेक फालतू नोड पुसत बसतो. पैसे अर्थात मेहुण्यानं द्यायचे.