झाकण घरात आहे

अमेरिकेनं २ मे २००० रोजी उपग्रहांच्या जीपीएस संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे साध्या माणसालाही काही मीटरच्या फरकानं कळू लागलं. एवढी शक्ती हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं काय केलं, तर रानात एक बादली लपवली. तीत पुस्तकं, गलोल, घेवड्याचा डबा असा ऐवज ठेवला आणि बादलीचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करून टाकले. नियम एकच: काही घ्या, काही ठेवा. यातून जिओकॅशिंग नावाचा जगभरचा खेळ उभा राहिला आणि त्याला लवकरच ‘ट्रॅव्हल बग’ नावाचं शेपूट फुटलं. शिपायाच्या गळ्यात असतो तसा धातूचा बिल्ला, त्यावर नंबर. हा बिल्ला एखाद्या बाहुलीला नाहीतर खेळण्यातल्या मोटारीला अडकवून डब्यात सोडायचा. ज्याला सापडेल त्यानं तो स्वतःकडे न ठेवता पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचा आणि वेबसाइटवर तशी नोंद करायची, म्हणजे मालकाला घरबसल्या बाहुलीचा प्रवास दिसतो. निदान दिसावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हे बिल्ले दोनचार मुक्काम करतात आणि गडप होतात, आणि ‘ट्रॅकेबल’, म्हणजे ‘माग काढता येण्याजोगी वस्तू’, असं जिचं नाव, तिचाच माग लागत नाही म्हणून देशोदेशीचे खेळाडू कपाळाला हात लावून बसतात.

साताऱ्या-सांगलीच्या वाचकानं यात नवल वाटून घेऊ नये. हा खेळ आपल्याकडे उपग्रह सुटायच्या आधीपासून चालू आहे, फक्त तो स्टीलच्या डब्यानं खेळतात. भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की दुकानदार पैसे घेण्याआधी विचारतो, “नाव काय घालायचं?” मग तो भांडं मांडीवर आडवं धरतो, सुईसारखं टोक असलेलं यंत्र गुरगुरू लागतं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटतात: कुणाकडून, कुणाला, कशाप्रीत्यर्थ आणि तारीख. जागा संपत आली की ‘सप्रेम भेट’मधला ‘ट’ काठावरून घसरायच्या बेतात येतो. अमेरिकन बिल्ल्यावर नुसता नंबर असतो. आपल्या डब्यावर कुळ, नातं, गाव आणि मुहूर्त एवढा मजकूर असतो, म्हणजे पंचनाम्याला लागणारी बहुतेक माहिती. तरीही दिवाळीत फराळ घेऊन उंबरठा ओलांडलेला डबा तुळशीचं लग्न लागलं तरी परत आलेला नसतो. वस्तूवर ओळख कोरली की ती हरवत नाही, या समजुतीला याहून भक्कम उलटा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?

समजुतीतली चूक साधी आहे. नंबर काय किंवा नाव काय, ते मालकाचं असतं. डबा कुणाच्या घरून गेला हे त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तो सध्या कुणाच्या घरात आहे याबद्दल चकार शब्द नसतो. ट्रॅव्हल बगमध्ये चिप नाही, बॅटरी नाही. ज्याच्या हाती तो पडला त्यानं मनावर घेऊन नोंद केली तरच तो ‘दिसतो’. म्हणजे जो बिल्ला ठेवून घेणार, त्याच्याकडेच त्याच्या हालचालीचा रोजनामचा सोपवलेला आहे. मांजराला दुधाचा हिशेब लिहायला बसवण्याचा हा प्रकार. या खेळात एक पोटजात आणखी आहे. ती बिल्ला हातातही न घेता, कुठून तरी मिळालेल्या यादीवरून नंबर टाकून ‘पाहिला’ अशी नोंद ठोकून देते. लग्नाला न जाता ग्रुपवर ‘नांदा सौख्यभरे’ टाकणाऱ्या मंडळींना ही पद्धत समजावून सांगायला नको.

यावर कडक शिस्तीचे लोक म्हणतील, सरळ चोरी म्हणा की, एवढी भीड कशाला? कायदा त्यांच्या बाजूला आहे. चोरी नसेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम आहे, दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणण्याबद्दलचं. सापडलेली वस्तू मालकाला परत करण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही, मात्र मालक कोण हे ठाऊक असताना ती वापरात काढली तर आहे, असा त्याचा रोख आहे. डब्यावर ठिपक्यांनी मालकाचं नाव असताना ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय नाही. पण कलम लावायचं झालं तर ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द सिद्ध करावा लागतो आणि तिथेच खटला पडतो. कारण डबा ठेवून घेणाऱ्या बाईइतकी प्रामाणिक बाई गल्लीत दुसरी नसते. तो परत द्यायचा आहे हे तिला रोज आठवतं, आणि त्यात बेसन ठेवताना तर हमखास आठवतं.

मग आधुनिक लोक पुढे सरसावतात: चिप लावा, फोनवर नकाशा बघा, प्रश्न मिटला. या उपायानं एकच होईल, डबा कुठे आहे हे कळेल. ते तर आजही माहीत आहे! कऱ्हाडच्या चुलत जावेकडे फडताळात, वरून दुसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. हे अक्षांश-रेखांश कुठल्याही उपग्रहापेक्षा अचूक आहेत, कारण गेल्या हळदी-कुंकवाला गेल्यावर ते डोळ्यांनी पडताळलेले आहेत. माहितीचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. “आमचा डबा द्या की,” हे चार शब्द तोंडातून निघत नाहीत आणि ते काढणारं यंत्र अजून कुणी विकायला ठेवलेलं नाही. चुकून निघालेच तर समोरून “अगंबाई, तुमचाच आहे की तो, न्या की!” असं इतक्या मायेनं येतं की मागणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटतं. तंत्रज्ञानानं पूर्ण सुरक्षित ठेवलेला ट्रॅकेबल प्रस्तुत लेखकाला एकच माहीत आहे. तो नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर बसवलेला असून १८ फेब्रुवारी २०२१ पासून मंगळावर आहे. तिथे चुलत जाऊ नाही.

खरं कारण शिष्टाचारात आहे, आणि ते शिस्तवाल्यांना आणि चिपवाल्यांना दोघांनाही दिसत नाही. भरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. अमेरिकेनं ‘काही घ्या, काही ठेवा’ असा नियम २००० साली केला, आपल्या आज्यांनी तो फार आधी केला आणि जास्त काटेकोर केला. आता चिवड्याचा डबा परत द्यायचा तर त्यात काहीतरी हवं. साखर घालून द्यावा तर शोभत नाही, लाडू करावेत तर सवड नाही, पुढच्या सणाला करू म्हणावं तर त्या सणाला पाहुणे येतात. अशी तीन महिन्यांची दिरंगाई झाली की आतली वस्तू शोभेलशी हवी, कारण उशिराची भरपाई करायची असते. सहा महिन्यांनी लाडवांवर भागत नाही आणि वर्षानं तर डबा परत करणं हाच उशिराचा कबुलीजबाब होऊन बसतो. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. जिओकॅशिंगवाल्यांचंही थोडंफार असंच होत असणार. हाती आलेला बिल्ला कुठल्याही सोम्यागोम्या डब्यात टाकवत नाही. त्याला चांगली जागा बघू, पुढच्या सहलीत अजिंक्यताऱ्यावर नाहीतर दंडोबाच्या डोंगरावर नेऊ, असं म्हणत तो टेबलाच्या खणात जातो आणि जुन्या चार्जरांच्या वायरींत गुरफटून निवृत्त होतो. लोक वाईट असते तर एवढे बिल्ले हरवले नसते. चोराला त्यांची किंमत शून्य. ते हरवतात सज्जनांच्या खणात.

पूर्वी असं नव्हतं, विश्वासावर कोट्यवधींचा व्यवहार चालायचा, असा एक आक्षेप सांगलीकडून हमखास येईल आणि तो हरिपूरच्या पेवांचं उदाहरण देईल. उदाहरण तोलामोलाचं आहे. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर अशी ही पेवं. त्यांत हळद भरून तोंड बंद केलं की माल वर्षानुवर्षं टिकायचा, आणि वर पावत्यांवर त्याची खरेदी-विक्री चालायची. हळद जमिनीखाली जागची हलत नसे आणि मालक मात्र बदलत असत. २००५च्या महापुरानं ही व्यवस्था मोडली, बरीच पेवं पाण्यानं गेली. ट्रॅकेबलचा इतका देखणा नमुना जगात क्वचित सापडेल. पण तो चालला तो विश्वासावर, असं म्हणण्याआधी पावतीकडे बघा. पेवाला भाडं होतं, मालाला भाव होता आणि एकदा पावती खोटी ठरली की त्या व्यापाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नसे. डब्याला यातलं काय आहे? गावच्या सामाईक भांड्यांचंही तसंच. लग्नाला देताना ती मोजून देतात, परत आल्यावर मोजून घेतात आणि एक वाटी कमी भरली तर तिचे पैसे घेतात. म्हणून ती वर्षानुवर्षं टिकतात, चेपतात, पण हरवत नाहीत. पाणपोईवर पेला साखळीनं बांधणाऱ्या दानशूर माणसालाही समाजशास्त्र बरंच कळत असलं पाहिजे. भिलारच्या पुस्तकांच्या गावाचा दाखला कुणी देईल, तर तिथे २०१७ पासून पुस्तकं लोकांच्या घरांत मांडलेली आहेत हे खरं. पण ‘घरांत’ या शब्दावर जोर द्यावा. ओसरीवर बसून वाचणाऱ्याच्या समोरून घरमालकीण येत-जात असते, आणि तिनं चहा विचारल्यावर पिशवीत पुस्तक सरकवायला फारच निर्ढावलेला वाचक लागतो.

आणि साताऱ्यानं तर या खेळातला सगळ्यात मोठा डाव स्वतःच्या संग्रहालयात पाहिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली. ट्रॅकेबल म्हणून त्यांची नोंदवही वाचण्यासारखी आहे. एक नोंद प्रतापगडाच्या पायथ्याची, १६५९ची. पुढची नोंद साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या नावाची, १८१८ नंतरची. पेटीवर लिहिलंय की ती पेशव्यांच्या प्रधानांकडून त्याला मिळाली. मधली दीडशेहून अधिक वर्षं नोंदवही कोरी! हीच ती वाघनखं असं सिद्ध करता येत नाही, हे म्युझियम स्वतःच सांगतं, आणि आपल्याकडे त्यावरून व्हायचा तो वाद झालाच. वादाच्या दोन्ही बाजूंना सोडून एक बारीक गोष्ट बघावी. जी वस्तू इथून गेली तेव्हा तिच्याबरोबर काही कागद होता असं दिसत नाही. ती इथे आली तेव्हा मात्र करार होता, सह्या होत्या आणि परतीची मुदत होती. साहेबानं डबा दिला तो पावती घेऊन.

तेव्हा चिप, कलम आणि प्रबोधन हे तिन्ही उपाय बाजूला ठेवून शासनानं डब्यांसाठी वाघनखांचाच करारनामा लागू करावा, अशी आमची सूचना आहे. फराळ देताना दोन्ही कुटुंबांनी सह्या कराव्यात, तीन वर्षांची मुदत घालावी (कमी मुदत व्यवहार्य नाही) आणि डबा रिकामा परत केल्यास अपमान समजला जाणार नाही असं कलम ठळक अक्षरांत असावं. संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या आडून एक माफीची मुदतही जाहीर करता येईल, त्या दिवशी कुणी कुणाला ‘किती दिवसांनी’ असं विचारायचं नाही. सूचना मान्य होईपर्यंत ट्रॅव्हल बग विकणाऱ्यांची युक्ती वापरावी. ते एका नंबरचे दोन बिल्ले देतात, एक जगात सोडायला आणि एक मालकानं जपून ठेवायला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या स्वयंपाकघरांत ही व्यवस्था न सांगता आलेलीच आहे. फळीवर झाकणांची उतरंड असते, कुठल्याच भांड्याला न बसणाऱ्या. त्यातलं एखादं भंगारात घालायला काढलं की आतून आवाज येतो, “राहू दे ते. त्याचा डबा कऱ्हाडला आहे.”