मोजणीबाई

‘कादंबरी कशी वाटली?’ या प्रश्नाची मेलबर्नमध्ये दोनच उत्तरं मिळतात. अतिशय आवडली असेल तर ‘वाईट नव्हती’. अजिबात आवडली नसेल तर ‘या महिन्यात जरा धावपळच झाली’. आमच्या उपनगरातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकगट जमतो, तिथे ही दोन्ही उत्तरं पहिल्या दहा मिनिटांत देऊन होतात आणि मंडळी लॅमिंग्टन केककडे वळतात. पुढचा दीड तास निभतो तो एका बाईंच्या जिवावर.

इथे ऐंशीच्या आजीलाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ तशी वळत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मोजणीबाई म्हणते. बाईंनी नोकरीभर सरकारी नकाशे काढले. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा कादंबऱ्या हातात घेतल्या. त्यांच्या पिशवीत त्या महिन्याचं पुस्तक असतं आणि ‘मेलवे’ असतं. मेलवे म्हणजे मेलबर्नच्या रस्त्यांचं जाडजूड नकाशापुस्तक. फोनवर सगळे नकाशे आल्यावर लोकांनी ते माळ्यावर टाकलं. बाईंचं अजून मांडीवर आहे. लेखकाला कल्पनाशक्ती असावी हे त्यांना मान्य आहे. तिने हद्द ओलांडू नये, एवढंच.

जोन लिंडसेंची ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ घेतली होती, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. १९६७ची ही कादंबरी. व्हॅलेंटाइन दिवशी शाळेच्या मुली सहलीला जातात, घड्याळं बाराला बंद पडतात, तीन मुली आणि एक बाई खडकांत शिरतात त्या नाहीशा होतात. त्यांचं काय झालं, यावर ऑस्ट्रेलियन माणूस गेली साठेक वर्षं वाद घालतोय. आमच्या गटातही घातला. कुणी म्हणालं, दरीत पडल्या. कुणी म्हणालं, कुणीतरी पळवल्या. एका तरुणाने काळ आणि अवकाश यांच्याबद्दल बरंच काही सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाल्या, “पुस्तकात १४ फेब्रुवारी १९०० ला शनिवार आहे. त्या दिवशी बुधवार होता.”

घड्याळं बंद पडली याला त्यांची हरकत नव्हती. मुली हवेत विरल्या, तेही त्यांनी चालवून घेतलं. पण वार? वाराला काही धरबंध हवा की नको?

पीटर केरींना २००१चं बुकर मिळवून देणाऱ्या ‘ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग’चीही तीच गत झाली. दरोडेखोर नेड केली आपल्या लेकीसाठी आत्मकथा लिहून ठेवतो, अशी तिची रचना. अख्ख्या पुस्तकात स्वल्पविराम जवळजवळ नाहीतच. आम्ही त्या अडाणी, धावत्या भाषेवर खूश होतो. एका आजोबांचे तर डोळे भरून आले होते. बाईंनी त्यांना रुमाल दिला आणि सांगितलं, “नेडला मुलगी असल्याची कुठेही नोंद नाही.” आजोबांनी रुमाल परत केला.

एकदाच काय तो त्यांचा पेच झाला. हेलन गार्नर यांच्या ‘मंकी ग्रिप’मधला फिट्झरॉयचा पोहण्याचा तलाव खरोखरचा आहे. तिथे खोल पाण्याचा इशारा देणारी इटालियन पाटी भिंतीवर रंगवलेली आहे आणि तिच्यात एक अक्षर गळलंय. बाई स्वतः जाऊन पाहून आल्या. चूक कादंबरीची नाही, भिंतीची निघाली. त्या महिन्यात त्या फारशा बोलल्या नाहीत.

हा वाचक काही फक्त इथेच पिकत नाही. कथेतल्या त्या साली तो पूल झालाच नव्हता, असं संपादकाला कळवणारे आपल्याकडेही दिवाळी अंकागणिक निघतात. पण मोजणीबाईंचं मोठेपण मला गेल्या महिन्यात कळलं.

पुस्तक होतं ‘शांताराम’. लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स १९८० साली इथल्याच पेंट्रिज तुरुंगातून पळाले आणि मुंबईत पोचले. त्यांच्या नायकाला महाराष्ट्रातल्या एका खेड्यात ‘शांताराम’ हे नाव मिळतं, तो मराठीही शिकतो. त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तज्ज्ञ झाले होते. तुरुंगाची भिंत बाईंनी तपासून घेतली होती, म्हणून मी मुंबईचा ताबा घेतला. म्हटलं, “पुस्तकातली माणसं भेटल्या भेटल्या तत्त्वज्ञान सांगतात. आमच्या मुंबईत एवढा वेळ कुणाला नसतो. आधी गाडी पकडायची असते.”

मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “तुम्ही मुंबईत कुठे राहत होता?”

“डोंबिवलीला.”

बाईंनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. महाराष्ट्राचा नकाशा, जिल्ह्यांच्या सीमांसकट! बोट फिरवत त्या एका ठिपक्यावर थांबल्या.

“डोंबिवली ठाणे जिल्ह्यात आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मुंबईबद्दल आपल्याकडे साक्षीदार नाही. पुढे?”

लॅमिंग्टनचा तुकडा माझ्या घशात अडकला. तीस वर्षं लोकलला लोंबकळून मिळवलेलं मुंबईकरपण एका बोटाने रद्द झालं, आणि तेही कायद्याने बिनचूक.

तरी खरं सांगायचं तर आमच्या गटात पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून येणारी व्यक्ती ही एकच. पॅट्रिक व्हाइट यांची ‘व्हॉस’ घेतली होती, तेव्हा नोबेलविजेत्याचा मान राखून सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वाळवंट पार केलं ते एकट्या मोजणीबाईंनी. त्यांना पुस्तक आवडतं की नाही, हे कुणाला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, आवडतं. नावडत्या माणसाचा सातबारा कोण एवढ्या निगुतीने तपासतो?

पुढच्या महिन्यात जेराल्ड मर्नेन यांची ‘द प्लेन्स’ आहे. तिच्यातली मैदानं जगातल्या कुठल्याही नकाशावर नाहीत. पुस्तक मी सुचवलंय.