गार गिअरबॉक्सला घाबरण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्यांनी नुकतीच तीस वर्षं जुनी, डिझेलवर चालणारी ऑटोमॅटिक लँड क्रूझर घेतली आहे आणि तिच्यात अजून काहीच कसं बिघडलेलं नाही या विचाराने ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

गाडी नव्वदच्या दशकातली, ८० मालिकेची असावी. इंजिन ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, गिअर चार. ठिकाण कॅनबरा, महिना जुलै. ऑस्ट्रेलियात तेव्हा ऐन हिवाळा असतो आणि पहाटे पारा शून्याखाली उतरतो. पुण्याहून तिकडे स्थायिक झालेल्या मंडळींना घाबरायला खरं तर एवढंही पुरतं.

गाडी चालू करताक्षणी दांडी डी वर ओढा. गार इंजिन जास्त आरपीएमवर फिरत असल्याने खालून ‘धाड’ असा आवाज येईल. किंवा रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधलं थोडं तेल खाली उतरल्यामुळे क्षणभर काहीच होणार नाही. दोन्ही प्रसंगी चेहरा सारखाच पाडावा. इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत थांबून, ब्रेक दाबून डी टाकला तर धक्का सौम्य बसतो, पण तेवढा धीर असलेल्यांनी हा लेख वाचायचं कारण नाही.

गाडी आधी तापवूनच निघायचं असेल, तर ती जागेवर उभी ठेवून अर्धा तास चालू ठेवा. आयडलवर डिझेल इंजिन इंधन थेंबभर जाळतं आणि हवा मात्र भरपूर ओढतं, त्यामुळे कूलंटच्या कितीतरी आधी शेजारी तापतात.

आता कूमाकडे जाणारा मोनारो हायवे धरा. वेग ऐंशीच्या पुढे गेला तरी गाडी तिसऱ्यातच, इंजिन बोंबलतंय, चौथा पडत नाही. घाबरण्याचा मुख्य मुहूर्त हाच. कूलंट साधारण ५०-६० अंशांपर्यंत तापत नाही तोवर कॉम्प्युटर चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, अडवून ठेवतो आणि कन्व्हर्टरचा लॉकअपही लागू देत नाही. इंजिन जास्त फिरावं, लवकर तापावं, गारठ्यात त्याच्यावर उगाच ओझं पडू नये, असा त्यामागचा साधा हिशेब. काही किलोमीटर हलक्या पायाने गाडी चालवली की चौथा आपोआप पडतो. तोवर वाट पाहणं जमत नसेल तर दांडीवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबून बघा. ते आधी चालू होतं, आता बंद झालं. यापुढे गाडी कितीही तापली तरी चौथा पडणार नाही आणि तुमचं निदान बिनचूक ठरेल.

घरी परतल्यावर तेल बघा. ते ७०-८० अंशांना तापलेलं हवं, इंजिन चालू हवं, दांडी सगळ्या गिअरांमधून फिरवून पी वर आणलेली हवी, तरच डिपस्टिक खरं बोलते. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत, गरम तेलाच्या खुणेपर्यंत तेल ओता. तापल्यावर ते फुगेल, फेसाळेल, फेसामुळे दाब कमी होईल आणि गिअर खरोखर घसरू लागतील. अभिनंदन!

राहिला खर्च. तो नेहमी वरून खाली करावा. आधी गिअरबॉक्स उतरवावा, मग कॉम्प्युटर बदलावा, मग तापमानाचा सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी, खिशात सुटे पैसे उरले असतील तर, थर्मोस्टॅट. हा उघडा अडकून बसला की कूलंट नीट तापतच नाही, चौथ्याची वाट पाहण्यात सकाळ जाते आणि लांब उतारावर मिळालेला चौथाही परत जातो. वर्षानुवर्षं गारच धावणाऱ्या गाडीत पहिला संशय त्याच्यावर घेतला, तर बाकीची मजा हुकते.

गाडी पूर्ण तापल्यावरही डी टाकून ताटकळावं लागत असेल, चढावर आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तेलाला करपट वास येत असेल, तर तो खरा बिघाड. अशा वेळी मालक ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून निवांत राहतात. त्यासाठी त्यांना कुणाच्याही मार्गदर्शनाची गरज पडल्याचं ऐकिवात नाही.