गाडी सांगून ठेवलीय

गोव्याला जायचं ठरलं तेव्हा हॉटेल कुठलं, किनारा कुठला, दिवस किती, यातलं काहीच ठरलं नव्हतं. सासूबाईंची पंचाहत्तरी समुद्रकाठी करायची, एवढंच पक्कं. तेवढ्यावर भाऊसाहेबांचा फोन आला, "गाडी सांगून ठेवलीय."

भाऊसाहेब म्हणजे आमचे थोरले साडू. नाशिकला असतात. सहलीला निघताना कोणी चिवडा आणतं, कोणी पत्ते आणतं. भाऊसाहेब गाडी आणतात. बाकीचे लोक गोव्याला समुद्रासाठी जातात. भाऊसाहेबांचा गोवा विमानतळाच्या दारात सुरू होतो आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये संपतो. मधल्या चार दिवसांत ते काय करतात, हे मला नीटसं आठवत नाही. बहुधा ड्रायव्हरशी बोलत असावेत.

हा माणूस आकाशातून पडलेला नाही. त्याची वंशावळ एसटी स्टँडपर्यंत जाते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, वेळ पडल्यास स्वतःचं धाकटं पोरगं आत टाकून आठ जागा धरणारे एक काका पूर्वी प्रत्येक घरात असत. पुढे रिझर्व्हेशन आलं, मोटारी आल्या, विमानं आली आणि काकांचा रुमाल हातातच राहिला. भाऊसाहेब तोच रुमाल आता नाशिकला बसून गोव्यात टाकतात, इतकाच फरक.

गाडी सांगणं म्हणजे फोन करून "या" म्हणणं, असं आपल्याला वाटतं. भाऊसाहेब गाडीवाल्याची मुलाखत घेतात. मुलगी द्यायची असल्यासारखी. गाडी कुठल्या सालची, टायर कधी बदलले, सीट पुशबॅक आहेत की नुसत्याच मागे कललेल्या, एसी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का. मग खरा विषय निघतो. टोल-पार्किंग कोणाकडे, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाचा की रात्रीचा वेगळा, हिशेब आठ तास ऐंशी किलोमीटरचा की गॅरेज टू गॅरेज. समोरचा माणूस "साहेब, विमानतळावरून हॉटेलवर तर सोडायचंय" असं म्हणू लागला, की भाऊसाहेब फोनवर तळहात ठेवून आमच्याकडे बघतात आणि डोळा बारीक करतात. याचा अर्थ, माणूस मुरलेला आहे.

गोव्यात मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर नाही, हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. मोबाइलवर बोट ठेवलं की दारात गाडी, ही गोष्ट भाऊसाहेबांना एकूण समाजाच्या ऱ्हासाची खूण वाटते. तिथे गोवामाइल्स नावाचं ॲप आहे, विमानतळावर काळ्या-पिवळ्या टॅक्सींची खिडकी आहे, असं माझ्या मुलाने सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "सतरा माणसं आहेत. सतरा माणसं खिडकीतून मिळत नाहीत." या वाक्याचा अर्थ अजून लागायचा आहे, पण वाद तिथे संपला.

मग व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. पंचाहत्तरीचा एक ग्रुप आधीच होता, हा निराळा. नाव 'आई ७५ – फक्त गाडी'. त्यात केकचा विषय काढल्याबद्दल ठाण्याच्या मेव्हणीला समज मिळाली. रोज सकाळी सूचना येत. विमानातून उतरल्यावर प्रत्येकाने 'उतरलो' असं अक्षरांत लिहावं, अंगठा दाखवू नये. अंगठा म्हणजे वाचलं की उतरलो, हे कळत नाही. बॅगेला लाल लोकर बांधावी. पट्ट्यावर बॅग आली नाही तर लगेच कळवावं, आली तर त्याहून लगेच कळवावं.

सामानाचं गणित मात्र त्यांनी असं मांडलं की आम्ही सगळेच गप्प झालो. टेम्पो ट्रॅव्हलर सतरा सीटर. माणसं सतरा. आम्हाला वाटलं, झालं काम. भाऊसाहेबांनी विचारलं, "आणि बॅगा तुमच्या मांडीवर?" माणशी १५ किलो विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात, म्हणजे सतरा जणांचं ३७४ किलो. गाडीवाले जागा मोजतात ती माणसांची. बॅगांना जागा नसते, त्यांना नशीब असतं. सात माणसांच्या गाडीतही तिसरी रांग उघडली की मागे एक छत्री आणि एक लाडवांचा डबा, याहून जास्त काही मावत नाही. म्हणून त्यांनी टपावर कॅरिअर असलेलीच गाडी शोधली, वर ताडपत्री आहे ना ते विचारलं आणि ताडपत्रीचा फोटो मागवला. फोटो ग्रुपवर आला. निळी होती. बरी होती.

आसनव्यवस्थेचाही तक्ता आला. पुढे सासूबाई, गुडघ्यांसाठी. त्यांच्यामागे गाडी लागणारे तिघे, खिडकीशी, आलेपाक आणि प्लास्टिकच्या पिशव्यांसह. मधे मुलं. शेवटच्या रांगेत, चाकावर, मी. धाकट्या जावयाची जागा आपल्याकडे परंपरेने तीच असते; त्याबद्दल माझी तक्रार नाही, नोंद आहे.

पण भाऊसाहेबांचा खरा कस लागला तो विमानतळांवर. गोव्यात आता दोन आहेत. दक्षिणेला वास्कोजवळ दाबोळी, पोर्तुगिजांनी बांधलेला, पुढे नौदलाकडे आलेला. आणि उत्तरेला पेडण्याच्या पठारावर मोपा, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिकिटाच्या ॲपवर दोन्हीकडे ठळक अक्षरात 'गोवा' लिहिलेलं असतं. फरक असतो तो बारक्या इंग्रजी अक्षरांत, एकाचं जीओआय, दुसऱ्याचं जीओएक्स. आमचं हॉटेल बाणावलीला, दक्षिण गोव्यात. दाबोळीहून तासाभराच्या आतलं. मोपाहून मात्र कोलवाळची नदी, मांडवी आणि झुआरी, अशा तीन नद्या ओलांडून सत्तरेक किलोमीटर. भाऊसाहेबांनी यावर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास व्याख्यान दिलं. कागदावर नकाशा काढून आणला होता. समुद्राला निळी पेन्सिल फिरवली होती. "दाबोळी! मोपा नाही! तिकिटावर शेवटचं अक्षर बघा. आय म्हणजे आपला, एक्स म्हणजे फुली!" असं त्यांनी मुलांकडून तीनदा म्हणून घेतलं. शिवाय सिंधुदुर्गात चिपीलाही विमानतळ आहे, चुकून तिथे उतरू नका, असंही बजावलं. चुकून चिपीला उतरता येईल अशी सोय नेमकी कोणत्या विमानात असते, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. सगळ्यांनी आपापल्या तिकिटांचे फोटो टाकले. भाऊसाहेबांनी प्रत्येकावर हिरवी खूण केली. सोळा खुणा.

सतरावं तिकीट त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी सगळ्यांत शेवटी काढलं, कारण ते आमच्या आधी जाऊन 'ताबा घेणार' होते. आम्ही पुण्याहून अकरा, ठाण्याचे पाच. सगळे साडेबाराच्या सुमारास उतरणार. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, आधीच पुण्याला आमच्याकडे आल्या होत्या. भाऊसाहेब एकटे मुंबईहून सकाळी पावणेदहालाच गोव्यात.

दहा वाजता ग्रुपवर अक्षरांत संदेश आला, 'उतरलो'. मागून फोटो. मागून मजकूर, 'दाबोळी ओळखू येत नाही. काय चकाचक केलंय! प्रशस्त. स्वच्छ. नावही बदललेलं दिसतंय.' आम्ही पुण्याच्या विमानतळावर शूज काढून ट्रेमध्ये ठेवत होतो. फोटो कोणी मोठा करून पाहिला नाही. पाहिला असता तर मागच्या भिंतीवरचं 'मनोहर' दिसलं असतं. मोपाच्या विमानतळाला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेलं आहे. भाऊसाहेबांना मोपाबद्दल सगळं माहीत होतं. मनोहरबद्दल एवढंच तेवढं राहून गेलं होतं.

साडेबाराला आम्ही दाबोळीला उतरलो, ठाणेकर भेटले, सतराच्या सतरा बॅगा आल्या (ताईंच्या दोन होत्या), लाल लोकर सगळ्यांना होती आणि आणखी अनोळखी चार बॅगांनाही होती. बाहेर गाडी उभी. पांढरी, कॅरिअरवाली, निळ्या ताडपत्रीची. ड्रायव्हर शांत, मिशाळ, पन्नाशीचा. फक्त भाऊसाहेब नव्हते. आमच्या स्वागतासाठी ते 'आई ७५' अशी पाटी घेऊन उभे राहणार होते. आम्ही सगळे त्यांना ओळखतो, तरी पाटी.

ड्रायव्हरने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"साहेब, तुमी खंय आसात?"

"अरे, बाहेर! अरायव्हलला! दीड तास पाटी धरून उभा आहे!"

"हांव लेगीत भायर आसां."

"मग हात वर कर!"

ड्रायव्हरने हात वर केला. आम्हीही केले. सासूबाईंनी काठी वर केली.

"दिसत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही मंडळी नेहमी चुकीच्या दारातून बाहेर पडता. खांबाचा नंबर सांगा." आम्ही सांगितला. ते त्या नंबरच्या खांबाशी गेले. तिथे आम्ही नव्हतो. पाच मिनिटं दोन्हीकडे शोधाशोध चालली. मध्येच त्यांनी आपल्या एका बॅगेचं वर्णन करून 'ही कोणाची राहिली आहे' असंही विचारलं. ती त्यांचीच होती. शेवटी ड्रायव्हरने, वैद्य नाडी बघतो तशा आवाजात विचारलं,

"साहेब, फुडें कितें दिसता?"

"पुढे? पुढे मोकळं रान. लाल माती. सगळा सडाच आहे की."

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. "साहेब," तो हळू म्हणाला, "तुमी मोपा आसात."

पलीकडे शांतता पसरली. भाऊसाहेब शांत बसलेले मी चोवीस वर्षांत दोनदा ऐकले आहेत. एकदा त्यांच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा, आणि ही दुसरी वेळ. मागून कोणाच्या तरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलेलं ऐकू आलं.

"तुम्ही निघा," ते म्हणाले. "सामान मोजून घ्या. मी येतो माझा."

तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं होतं, हे नंतर ताईंनी काढून घेतलं. मला यात हसण्यासारखं फारसं वाटत नाही, हे इथे सांगून टाकतो. (वाटत होतं, पण शेवटच्या रांगेत एकट्याने हसून घेतलं.) सोळा जणांची तिकिटं त्यांनी तपासली. त्यांचं तपासावं, असं सोळांतल्या एकालाही सुचलं नाही. गाडीत एसी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. झुआरीच्या बाजूचा तो रस्ता संपेपर्यंत गाडी लागणारे तिघेही झोपले होते, सासूबाईही. गाडीत झोप लागते ती कोणीतरी जागं असतं म्हणून, आणि आमचा जागा राहणारा माणूस तेव्हा तीन नद्यांपलीकडे होता.

संध्याकाळी पाचला आम्ही हॉटेलच्या पडवीत चहा घेत होतो. फाटकातून पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल आत आली. गोव्यात भाड्याने मागे बसवून नेणाऱ्या मोटरसायकलस्वाराला पायलट म्हणतात. पायलटच्या मागे, पोटाशी बॅग धरून, डोक्यावर वाकडं हेल्मेट घालून, काखेत 'आई ७५'ची पाटी मारून भाऊसाहेब बसले होते. सतरा सीटर सांगणारा माणूस सव्वा सीटवरून उतरला.

"कदंबच्या इलेक्ट्रिक बसने मडगावला आलो," त्यांनी हेल्मेट काढत सांगितलं. कोणी काही विचारायच्या आत पुढे म्हणाले, "बरंच झालं. मोपाकडचा सगळा रूट बघून झाला. पायलटचा रेटही काढलाय. आणि मडगाव स्टँडवर एक मिनीबसवाला भेटला, फार सज्जन. पुढच्या वर्षीसाठी नंबर घेऊन ठेवलाय." सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, जेवलात का?" जेवले नव्हते.

चार दिवस गाडी वेळेवर येत राहिली. कुठे पार्किंगवरून वाद झाला नाही, कोणाची बॅग राहिली नाही. मंगेशीला आम्ही दर्शन घेतलं तेव्हा भाऊसाहेब आणि ड्रायव्हर बाहेर गाडीच्या बोनेटवर नकाशा पसरून उभे होते. शेवटच्या रात्री त्यांनी माणशी हिशेब मांडला. टोल, पार्किंग, भत्ता सगळं होतं. कदंब आणि पायलटचे पैसे त्यात नव्हते. मी ते घालायला सांगितलं. "ते वैयक्तिक," ते म्हणाले. त्यांचं परतीचं तिकीट आमच्याबरोबर दाबोळीहूनच होतं. या वेळी सहा जणांनी तपासलं.

निघायच्या दिवशी गाडी पहाटे सव्वाचारला सांगितली होती. विमान दुपारी एकचं होतं.