समोरच्या काकूंना न मिळालेलं लोणचं

खाण्याच्या बाबतीत मी जगाचा नागरिक आहे, असा माझा समज आहे. राहतो उलव्यात, सिडकोच्या सेक्टरात. इथे दर दोन दुकानांआड इस्टेट एजंट आणि उरल्यासुरल्या जागेत वडापाव. पण नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून माझी भूक उगाचच आंतरराष्ट्रीय झाली आहे.

त्यात बर्लिनच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर माझ्यादेखत करीवुर्स्ट हाणलं. भाजलेल्या सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा सॉस, त्यावर भुरभुरलेली करी पावडर, बाजूला बटाट्याच्या काड्या. १९४९ साली हेर्टा हॉयवर नावाच्या बाईने ब्रिटिश सैनिकांकडून मिळवलेली करी पावडर सॉसमध्ये ढवळली आणि पडक्या बर्लिनचं पोट भरलं, असं बर्लिनकर सांगतात. हॅम्बुर्गवाले म्हणतात, छे, आमच्याकडे त्याआधीपासून आहे. मिसळीवरून पुणे-कोल्हापूर जुंपते ना, तसंच. जर्मन माणूस मला एकदम सोयऱ्यासारखा वाटू लागला.

मग मी अभ्यासाला बसलो. (अभ्यास म्हणजे रात्री दीडपर्यंत मोबाइल.) शिकागोत हॉटडॉगवर मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, वर सेलरीचं मीठ, सगळं चालतं; केचप मागितला की माणूस वाया गेला. चिलीत पाव दिसेनासा होईपर्यंत अवोकाडो थापतात. ब्राझीलमध्ये चक्क कुस्करलेला बटाटा घालतात, म्हणजे वड्याच्या अगदी दारापर्यंत येऊन थांबलेले लोक. आइसलंडच्या राजधानीत बंदराजवळ १९३७ पासूनची एक टपरी आहे. तिथे कच्चा कांदाही आणि तळलेला कांदाही घालतात. २००४ साली बिल क्लिंटन तिथे गेले आणि त्यांनी नुसती मोहरी लावून खाल्लं. इतक्या लांब जाऊन!

आता सॉसेज हवं. दुकानातलं गोठवलेलं चिकन सॉसेज माझ्या अभ्यासाला शोभणारं नव्हतं. योगायोगाने गोव्यात लग्न होतं, तेही शुक्रवारला लागून. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठला आणि लालभडक गोवा सॉसेजची भलीमोठी माळ घेतली. डुकराचं मांस, मिरची, लसूण, माडीचं व्हिनेगर, वर कडक ऊन. विकणारी बाई पिशवी बांधता बांधता काहीतरी शिजवण्याबद्दल सांगत होती. तिला काय माहीत मी किती वाचलंय, म्हणून मी हसून मान डोलावली.

थिवीला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलो. रत्नागिरी यायच्या आत शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, "घरचं लोणचं का हो?" मी हो म्हणालो, आणि घरी आल्यावर बिल्डिंगमध्येही तेच सांगितलं. इथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभं राहून बर्लिन उघडलं. तव्यावर तेल सोडलं, आख्खी सॉसेजं ठेवली, चिमूटभर मीठही टाकलं. जाणकार इथेच कपाळावर हात मारून घेतील. गोव्याचं सॉसेज असं भाजून कापायचं नसतंच. दोरा काढायचा, आवरण सोलायचं, आतला मसालेदार ऐवज थोड्या पाण्यात त्याच्याच चरबीवर शिजवायचा, वरून भरपूर कांदा. तेल नको, आणि मीठ तर मुळीच नको; ते आधीच समुद्राइतकं असतं. माझ्या तव्यावर आवरणं फुटली, चरबी उडाली आणि व्हिनेगर-मिरचीचा असा ठसका उठला की विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उडवली, तेव्हाही इतकी माणसं गॅलरीत आली नसतील. बायकोने खिडक्या उघडल्या. हाच तिचा अभिप्राय.

बेल वाजली. समोरच्या काकू. कट्टर शाकाहारी, आणि लोणच्यात त्यांचा हात धरणारं बिल्डिंगमध्ये कुणी नाही. हातात वाटी.

"काय घमघमाट सुटलाय! लोणच्याला फोडणी दिलीत ना? एक फोड द्या बघू चवीला."

खरं सांगावं तर काकू महिनाभर गोमूत्र शिंपडतील, खोटं बोलून वाटी भरावी तर मी नरकात जाईन. मी घशाला कोरड पडलेल्या आवाजात म्हणालो, "काकू, ते अजून मुरलं नाहीये."

"मुरलं नाही तर फोडणी कशाला दिलीत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. काकू रिकामी वाटी घेऊन परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला कळलं की गोव्याहून लोणचं आणलं पण मेल्याने एक फोड दिली नाही. आत त्या सॉसेजवर केचप ओतून, करी पावडर म्हणून सांबार मसाला भुरभुरवून मी एक घास घेतला. मीठ कवटीपर्यंत गेलं आणि दोरा दाढेत अडकला. भाचा स्क्रीनवर विचारत होता, "मामा, जमलं?" तोंडात दोरा असल्यामुळे मी अंगठा दाखवला.

उरलेली माळ डब्यात दडवून मी पाव आणायला खाली उतरलो. गेटवर वॉचमन, सावंतवाडीकडचा. इकडेतिकडे बघत त्याने आवाज खाली आणला.

"साहेबानू, त्या लोणच्यात कांदो घातलात काय?"

मी गप्प.

"बटाटो पण घाला. आणि पाव जरा जास्त आणा. माझी ड्युटी आठाक सुटता."