व्यसनदंडाच्या पुरस्कर्त्यांस अनावृत पत्र

जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा.

राजमान्य राजेश्री समस्त मालकवर्ग यांसी,

 

नोकराने कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या पैशाने केलेल्या आरोग्यघातक सवयींबद्दल त्याच्या पगारातून दंड कापावा, निदान त्याची वेतनवाढ तरी रोखावी, असा जो उदात्त विचार आपणांपैकी अनेकांच्या मनात सांप्रत घोळत आहे, तो सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या गावासही येऊन पोहोचला आहे. दिवाळीनंतर जेथे कापसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि रेच्यांची घरघर रात्रीही थांबत नाही, अशा या मुलखात एका जिनाचा हजेरीपट लिहिण्यात ज्याची उमर सरली, त्या अस्मादिकाने या विचाराचे मनःपूर्वक स्वागत करावे, हे क्रमप्राप्तच होय. आजवर मालक मजुराचे हात तेवढे भाड्याने घेत असे. आता त्याची फुप्फुसे, यकृत आणि दाढा यांचाही प्रतिपाळ तो करू म्हणतो, यापरते वात्सल्य कोणते?

या मार्गावर आपण एकटे नाही, हे प्रारंभीच निवेदन करतो. हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली मजुरास दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा करून जगास थक्क केले खरे. परंतु त्यातील निम्म्याहून किंचित अधिक रक्कम नफ्याचा वाटा म्हणून होती, आणि तो वाटा कोणाच्या पदरात पडावा हे ठरविण्यासाठी कंपनीचे निरीक्षक मजुराच्या घरी जाऊन तो दारू पितो काय, शिल्लक टाकतो काय, घर झाडलेले असते काय, याचा तपास करीत. मिशिगन प्रांतातील वेयको नामक कंपनीने २००५ साली धूम्रपानाच्या तपासणीस नकार देणाऱ्या चौघांस घरचा रस्ता दाखविला, आणि पुढे हा दंडक नोकरांच्या पती-पत्नींपर्यंत नेला. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरपासून जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू ओढणाऱ्यास नोकरी देणे बंद केले. जपानात २००८ पासून ४० ते ७४ वर्षांच्या माणसांच्या कमरेस फीत लावली जाते. पुरुषाची ८५ आणि स्त्रीची ९० सेंटिमीटर ही तेथील मर्यादा. आपल्या देशात झेरोधा या दलाली पेढीच्या नितीन कामत यांनी २०२२ साली, ज्याचा देहभारांक २५ च्या आत त्यास अर्ध्या महिन्याचा पगार बक्षीस, असे जाहीर केले. बक्षीस म्हणजे सभ्य वेष परिधान केलेला दंडच, हे हिशेबी माणसास सांगणे न लगे. कृश इसमास जे मिळाले ते स्थूल इसमास मिळाले नाही, एवढाच त्याचा ताळेबंद.

तथापि या परदेशी मसुद्याची आमच्या तालुक्यात तामिली करताना काही अडचणी येतील, त्या वेळीच मांडलेल्या बऱ्या. पहिली ही, की साहेबांची भीती सिगारेटची, आणि आमचा मजूर सिगारेट ओढीत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करणारे आढळले; त्यांत धूर काढणारे एकूण प्रौढांच्या अवघे ३.८ टक्के, तर तोंडात धरणारे २४.४ टक्के. यामागील कारणांपैकी एक तरी आपल्याच आवारात आहे. जिनात विडी पेटविणे म्हणजे रुईच्या ढिगास चूड लावणे. म्हणून फाटकाशीच काडीपेटी काढून घेतली जाते, आणि मग बारा-बारा तासांची पाळी निभावण्यासाठी तळहातावर तंबाखू-चुना मळून चिमूट दाढेखाली सारणे हाच मार्ग उरतो. आपल्या गठाणी सुरक्षित राखण्यासाठी ज्या सवयीस आपण हातभार लावला, तिच्याबद्दलच आता दंड करणे, यात न्याय कितपत आहे हे मी विचारीत नाही. काटकसर मात्र निश्चित आहे. गुटखा तर २०१२ पासून राज्यात बंदच आहे, आणि बंद असल्यामुळे तो सातपुड्याच्या पलीकडून रात्री येतो, दिवसा नव्हे. राहिला प्रश्न तपासनिसाचा. हे काम स्वाभाविकपणे मुकादमाकडे जाईल; परंतु मजुराचा गाल तपासताना मुकादमाच्या गालात काय असते, हे साऱ्या जिनास ठाऊक आहे.

याहून नाजूक प्रश्न खोकल्याचा. कापसाच्या तुसात वर्षानुवर्षे श्वास घेणाऱ्यांस छातीचा जो विकार जडतो, त्यास वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची वर्दी सरकारास दिलीच पाहिजे अशा रोगांमध्ये त्याची गणना होती. या विकाराचा एक विक्षिप्त स्वभाव आहे. सुटी संपवून मजूर कामावर परतला, की त्या पहिल्याच दिवशी त्याची छाती सर्वाधिक आवळते, आणि आठवडा सरत जाईल तसतशी ती सैल होऊ लागते. म्हणून विलायतेच्या गिरण्यांत त्यास सोमवारचा ताप म्हणत. आता आपल्या नव्या मसुद्यानुसार सुटीच्या दुसऱ्या दिवशी धापा टाकत आलेल्या मजुराकडे पाहून दिवाणजी काय नोंद करतील? ‘सुटीत स्वैराचार केला’ हीच. म्हणजे आपल्या आवारातील धुळीने दिलेला रोग त्याच्या घरच्या खात्यावर चढेल, आणि धूळ ओढून घेणारे पंखे बसविण्याचा खर्च वाचून वर दंडाची रक्कम पदरी पडेल. एवढा सुबक जमाखर्च माझ्या सबंध नोकरीत माझ्या हातून एकदाही साधला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

शिवाय आमच्या भागात माणसाची प्रकृती त्याच्या सवयींवाचूनही बिघडू शकते, याचीही नोंद असावी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आमच्या तालुक्यातही येतो. तेथील विहिरी-कूपनलिकांचे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाच्या व्याधीने खंगलेली माणसे गावोगाव सापडतील. पाणी पिणे ही व्यक्तिगत सवय मानावी काय, याचा खुलासा मसुद्यात असणे इष्ट. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी शेजारच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस हातात येऊन थोड्याच दिवसांत टक्कल पडू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. सरकारमान्य दुकानातील गहू खाणे ही कुपथ्याची कमाल मानून त्या मंडळींस काय दंड करावा, हेही ठरवून टाकावे.

आता कायद्याचा काच. दंड हा प्रकार आपल्या पूर्वसुरींस इतका प्रिय होता, की त्यावर लगाम घालण्यासाठी १९३६ साली वेतनप्रदान अधिनियम करावा लागला. मजुराचे म्हणणे ऐकल्याविना दंड नाही. कोणत्या कसुरीस दंड, याची सरकारमान्य यादी लावल्याविना दंड नाही. आणि एकूण दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही, असे त्याने ठरविले. पुढे आण्याची मर्यादा तीन टक्के झाली, आणि २०१९ च्या वेतनसंहितेतही ती तीनच टक्के राहिली. सर्वांत दुःखद कलम हे, की वसूल झालेला दंड मजुरांच्याच हिताकरिता खर्चावा लागतो. अर्थात तंबाखूचा दंड कापून घेतलेला इसम तोच दंड उद्या उपाहारगृहाच्या चहातून परत पिणार! मग एवढा खटाटोप कशासाठी? आणि १९४८ च्या अधिनियमातील विसावे कलम आपल्या स्मरणात आहेच. प्रत्येक कारखान्यात सोयीच्या जागी पुरेशा पिकदाण्या ठेवणे हे त्याने मालकाचे कर्तव्य ठरविले होते, आणि पिकदाणी सोडून अन्यत्र थुंकणाऱ्यास दंड सांगितला होता जास्तीत जास्त पाच रुपये. त्या पिकदाण्या आमच्या जिनात मी पाहिल्या त्या फक्त तपासणी अधिकारी येण्याच्या दिवशी, आणि त्या दिवशी त्यांत थुंकण्यास मनाई असे.

मालकाच्या आवाराबाहेरचा वेळ कोणाचा, हा वाद या प्रांतात नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली. त्या मान्यतेत रविवारी मजुराने काय खावे-प्यावे याची अट नव्हती. ती राहून गेली, असे आपणांस वाटत असावे. कारण सहा दिवसांचे दाम मोजून सातव्या दिवसाची मालकी आपण आता मागता आहात.

आणि हे तत्त्व एकदा रूढ झाले की ते मजुरापाशी थांबेल कशाला? आपल्याही वर मालक आहेत. गठाणी तारण ठेवून ज्या बँकेकडून आपण हंगामाचे कर्ज उचलता, तिने उद्या आपल्या रक्तातील साखर मोजून व्याजाचा दर ठरविला, लग्नसराईतील प्रत्येक जिलबीमागे पाव टक्का चढविला, किंवा कर्जाच्या मंजुरीपूर्वी आपल्या कमरेस जपानी फीत लावण्यास कारकून धाडला, तर आपण त्यास बैठकीत बसवून सरबत द्याल काय?

उपरोध आता पुरे. तंबाखू माणसास मारते, हे निर्विवाद. मुखकर्काने तोंड उघडता न येणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि कोणी त्यांची सवय सोडवू शकला तर त्याचे पाय मी धरीन. पिऊन रेच्यावर उभा राहणाऱ्यास मालकाने त्याच क्षणी घरी पाठवावे. तो त्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही, कारण तेथे दुसऱ्याचा हात जायचा असतो. परंतु पाळी संपल्यानंतरच्या माणसावर मालकाचा अंमल चालत नाही, आणि ज्याने आपल्या छपराखालील हवा शुद्ध केली नाही त्याने मजुराच्या माजघरातील धुराचा मुलाहिजा करू नये. प्रथम तूस खेचणारे पंखे बसवावेत, गोड्या पाण्याचा माठ भरावा, वर्षातून एकदा छातीची व तोंडाची तपासणी स्वखर्चाने करवावी आणि तिचा कागद मजुराच्या हाती द्यावा, दिवाणजीच्या नव्हे. एवढे झाल्यावर व्यसनदंडाचा मसुदा अवश्य पाठवावा; त्याच्या पहिल्या कलमात मालकांचे दर असावेत.



आपला,
एक माजी हजेरीकारकून