टोकदार टोपीच्या चेटकीणबाईंना अनावृत पत्र

रायपूरच्या मॉलांत दरसाल 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, अवतरणाऱ्या चेटकीणबाईंना,

सा. न. वि. वि.

मायन्यातच अडलो. आपल्याला सौ. लिहावं की श्रीमती? आपल्या पुठ्ठ्याच्या चित्रात नवरा कुठे दिसत नाही, काळं मांजर तेवढं दिसतं. वय झालेलं, नाक बाकदार, पाठीला पोक, बिऱ्हाड गावकुसाबाहेर. छत्तीसगडच्या खेड्यात एवढं वर्णन सांगितलं, तर पुढचं बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, आपण होऊन सांगेल, आणि सोबत कुणाच्या तरी घराकडे बोटही दाखवील. इथे ज्या बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवतात ती पुष्कळदा अशीच असते. म्हातारी, एकटी, विधवा, किंवा जिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशी. तेव्हा श्रीमतीच लिहितो.

आपल्या स्वागताच्या फलकावर हल्ली ‘सुरक्षित’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे दोन शब्द हवेतच, असा शिष्टाचार झाला आहे. सुरक्षित म्हणजे भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा, मुलांचे झगे पायांत न येणारे, शेंगदाण्याचं वावडं असलेल्यांसाठी वेगळं चॉकलेट. सर्वसमावेशक म्हणजे कुणाच्या जातीचा, धर्माचा, रंगाचा वेश सोंग म्हणून घालायचा नाही. हे सगळं शहाणपणाचं आहे, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्यांच्या सोंगाने कुणी दुखावेल अशा माणसांच्या यादीत आपलं नाव कसं नाही? आदिवासींचा पिसांचा टोप घालू नये हे ज्यांना कळतं, त्यांना आपली टोपी कशी खटकत नाही? उत्तर सरळ आहे. ज्या देशात ही टोपी शिवली, तिथे आपण गोष्टीतल्या झालात. इथे अजून तसं झालेलं नाही.

या राज्याचा वाढदिवस 1 नोव्हेंबर, म्हणजे आपल्या मुक्कामाची दुसरी सकाळ. 2000 साली जन्मलेल्या या राज्याला पाच वर्षांच्या आत जे कायदे करावे लागले, त्यांत एक खास आपल्या नावाचा आहे : छत्तीसगड टोनही प्रताडना निवारण अधिनियम, 2005. कुणाला टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, तिला छळलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि झाडफूक करून तिच्यावर ‘उपचार’ केला तरी पाच. या कायद्यातली टोनहीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. काळी जादू, वाईट नजर किंवा अशाच कशाने इतरांना अपाय करते, असं म्हणून जिच्याकडे लोक बोट दाखवतात ती टोनही. म्हणजे टोनही अस्तित्वात नाही, बोट मात्र आहे, आणि कायद्याने तेच पकडलं. (जादूने मी तुमचं वाईट करीन असा दावा जाहीरपणे करणाऱ्यालाही एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. मॉलमध्ये कुणा मुलाला बेडूक करण्याची धमकी देताना आपण जरा जपून असावं.)

कायदा आहे म्हणून बोट खाली आलं, असं मात्र झालं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बलौदाबाजार जिल्ह्यातल्या छरछेद गावात एकाच घरातल्या चौघांना जादूटोण्याच्या संशयावरून मारण्यात आलं. त्यांत वर्षाचंही न झालेलं एक बाळ होतं. हा जिल्हा 2012 पर्यंत रायपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्याच आठवड्यात सुकमा जिल्ह्यातल्या इटकल गावी आणखी पाच जण याच संशयापायी गेले. पुढे सात आठवडे होतात न होतात, तोच आपली टोपी दुकानांत लटकू लागली. दुकानदाराने दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नाही, यात त्याचा दोष नाही. तो जोडायचं काम समारंभाच्या आखणीत ‘सुरक्षित’ हा शब्द लिहिणाऱ्याचं होतं.

यावर काही जण म्हणतील, हे परकीय थेरच बंद करा. त्यांना माझा पाठिंबा नाही. आपल्या स्वयंपाकघरातला लाल भोपळा अमेरिका खंडातून आला, त्याला कुणी परत पाठवत नाही. आयर्लंडमध्ये तर हॅलोविनचा कंदील मुळात सलगमाचा असे, भोपळा त्यांनाही अमेरिकेत गेल्यावर सापडला. रायपुरात मराठी माणसं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून नांदत आली, त्यांनी आपला गणपती आणला आणि इथला हरेलीचा सण आपला मानला. सण उसना घ्यायला हरकत नसते. उसनं आणताना घरात काय आहे ते पाहावं, एवढंच.

दुसरा आक्षेप असा की, मॉलमध्ये जाणारे लोक कुणाला टोनही ठरवत नाहीत, हा खेड्यातला प्रश्न आहे. पण त्याच मॉलच्या तळघरात उभ्या गाड्यांना लिंबू-मिरच्या बांधलेल्या असतात. नजर लागते हे शहराला पटलेलं आहे, फक्त ती कुणाची लागते हे ते मोठ्याने विचारत नाही. आणि सहा वर्षांच्या मुलाला वाईट बाई ओळखण्याची खूण म्हणून म्हातारपण आणि पोक शिकवलं, तर ते शिक्षण खेड्यात आणि शहरात वेगवेगळं ठरत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. भीतीची थट्टा केली की भीती मरते. सोंग घेतल्याशिवाय भूत उतरत नाही. हे मला पटतं, पण क्रम पाहावा. अमेरिकेतल्या सेलम गावी 1692 साली एकोणीस जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडलं. आज त्याच सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे आणि ऑक्टोबरभर तिथे जत्रा भरते. पण मधे तीनशे वर्षं गेली. ब्रिटनमध्ये 1735 च्या कायद्याने अमक्याकडे जादूची शक्ती आहे म्हणणं हाच गुन्हा ठरवला. सेलमच्या खटल्यांत दोषी ठरून तशीच राहिलेल्या शेवटच्या बाईचं नाव मॅसॅच्युसेट्सने 2022 मध्ये निर्दोष केलं. आधी खटले थांबले, मग हसू आलं. आपण हसू आधी मागवलं, तेही ऑनलाइन.

थट्टाच करायची तर तिची जागा ठरलेली आहे. इथल्या पंचांगाप्रमाणे श्रावणात येणाऱ्या हरेली अमावास्येला दारांवर कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात, टोनहीला अडवायला. त्याच रात्री रायपूरचे डॉ. दिनेश मिश्र आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून लोकांना सांगतात की कुठलीही बाई टोनही नसते. महाराष्ट्रात दाभोलकरांची माणसं अमावास्येला स्मशानात कार्यक्रम करत आली आहेत. भुताला हसायचं असेल तर ते असं, भुताच्या घरी जाऊन.

आणि दारोदार मागणं? त्यासाठी आयात करण्याची काहीच गरज नव्हती. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. धान कोठीत भरून झालेलं असतं, आणि मुलं टोपल्या-पिशव्या घेऊन घराघरापुढे मागत फिरतात. श्रीमंताघरचं मूलही मागतं, थोरही मागतात, आणि दारातून रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नसतं. ‘देता की खोडी काढू’ अशी धमकी त्यात नाही. तिकीट नाही, वेश नाही. सर्वसमावेशक या शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर या पोरांना विचारावा. भुताखेतांशीही इथल्या माणसाचं वागणं नेहमीच आडमुठं नसतं. बालोद जिल्ह्यातल्या झिंका गावी परेतिन दाईचं देऊळ आहे. परेतिन म्हणजे भूतीण, दाई म्हणजे आई. गाडीत जो माल असेल त्यातला थोडा तिथे ठेवून लोक पुढे जातात. मेलेल्या बाईला आई म्हणणाऱ्या प्रदेशाने जिवंत बाईलाही तसंच म्हणावं, ही अपेक्षा जास्त नाही.

तेव्हा श्रीमती चेटकीणबाई, सांगाडे येऊ देत, भोपळे येऊ देत, कागदी वटवाघळंही येऊ देत. आपण मात्र काही वर्षं थांबावं. आणि यायचंच असेल तर पौष पौर्णिमेला यावं, टोपी घरी ठेवून, पिशवी घेऊन. धान मिळेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
रायपूरचा एक मराठी रहिवासी